सकाळची भेग, दुपारची भेग

डिंककाकांच्या बोटांची पेरं बारा महिने पिवळट दिसत. साबणाने न जाणारा, रॉकेलनेही न जाणारा तो रंग. जुनी कातडी गळून पडली की तिच्याबरोबर जायचा, आणि तोवर नवा थर बसलेला असायचा. काँक्रीटला पडलेल्या भेगांमध्ये चिकट रसायन भरून त्या सांधणं हे त्यांचं काम. तीस वर्षं ते हेच करत आले होते. पाण्याच्या टाक्या, धान्याची कोठारं, शाळांचे जिने, कारखान्यांची तळघरं, आणि पूल तर किती झाले ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं. बरोबरीचे लोक त्यांना डिंक्या म्हणत, लहान असतील ते डिंककाका. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं. ते वाचून कुणी हाक मारली, की हा माणूस कामावर नवा आहे एवढं सगळ्यांना कळायचं.

अंगाने ते काटकुळे. परांचीवर उताणं पडायचं, नाकासमोर वीतभर अंतरावर पुलाचं पोट, आणि असं दिवसभर काम करायचं, तर अंग तसंच लागतं. "मी सुटलो तर माझी नोकरी सुटेल," असं म्हणून ते जेवताना ताटावर हात आडवा धरायचे आणि बायको त्या हाताला वळसा घालून वाढायची.

बायकोला वळसे घालायची सवयच होती. ती शहरातली बस चालवायची, बावीस वर्षं. ज्या सालची ही गोष्ट, त्या साली तिच्या बसचा रस्ता नेमका नवऱ्याच्याच कामामुळे अडला होता. नदीवरचा जुना पूल दुरुस्तीला काढला होता. त्यावरून पायी माणसं, सायकली आणि लहान गाड्या जाऊ देत. बस आणि ट्रक मात्र वरच्या अंगाच्या लांबच्या पुलावरून फिरून जायचे. पंचवीस मिनिटं जास्त. त्या पंचवीस मिनिटांचा राग प्रवासी कुणावर काढणार? समोर बसलेल्या बाईवर.

"रोज विचारतात, ड्रायव्हरबाई, पूल कधी होणार," ती एकदा घरी येऊन म्हणाली. "शेवटी एकीला सांगून टाकलं, माझा नवराच त्या पुलाखाली पडलेला असतो."

"मग?"

"मग काय. म्हणाली, पडलेला असतो म्हणूनच उशीर होतोय."

डिंककाका हसले. त्यांना ते मनापासून आवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परांचीवरच्या सगळ्यांना ते सांगितलं आणि पुढे आठवडाभर तेच त्यांना ऐकावं लागलं.

पूल फार मोठा नव्हता. दोन्ही काठांवर दगडी भिंती, नदीत दोन जाडजूड खांब, त्यांवर काँक्रीटच्या लांब तुळया आणि तुळयांवर रस्ता. पन्नास वर्षांचा झाला होता. काही ठिकाणी काँक्रीटचे पापुद्रे सुटून आतल्या गंजक्या सळया दिसत होत्या, आणि तुळयांना भेगा होत्या. सुटलेलं ठोकून काढायचं, सळया घासायच्या, नवा लेप द्यायचा आणि भेगा भरायच्या, असं काम ठरलं होतं. त्यावर एक तरुण इंजिनीअर नेमली होती. तिला सगळे मॅडम म्हणत. पहिल्या दिवशी ती स्वतः परांची चढून गेली, प्रत्येक तुळईवर हातोडी मारत, कान देत फिरली, आणि खाली उतरली तेव्हा तिच्या केसांत सिमेंटचा भुगा होता. तिच्याबद्दल जे बोलायचं ते सगळ्यांचं त्या एका फेरीत बोलून झालं. नंतर कुणी तिची परीक्षा घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये तिने सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर फोटो लावले होते. एका फोटोवर तिने पेन्सिल टेकवली.

"ही पलीकडच्या काठाकडची मधली तुळई. इथे सोळा वर्षांपूर्वी एक भेग भरलेली आहे. आणि हे बघा, तिच्या शेजारी, चार बोटांवर, दुसरी भेग. म्हणजे तेव्हाचं काम कच्चं राहिलं. हलगर्जीपणा, दुसरं काय. आपण जुनं सगळं उकरून काढू आणि या वेळी नीट भरू."

शेडमध्ये आठ माणसं होती. सात माना डोलल्या. डिंककाकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सोळा वर्षांपूर्वी ती भेग त्यांनीच भरली होती.

बाकीच्यांपैकी तेव्हाचं कुणी राहिलं नव्हतं. मुकादम निवृत्त होऊन दुसऱ्या गावी मुलाकडे गेला होता, आणि ज्या कंत्राटदाराने काम घेतलं होतं त्याचा धंदाच बंद झाला होता. माहीत असणारा माणूस एकच होता, आणि तो तोंडात मिठाची गुळणी धरून मागच्या बाकावर बसला होता.

दुपारी सगळे डबे उघडून बसले, तेव्हा ते एकटे परांची चढले. जुनी रेघ शोधायला वेळ लागला नाही. वरून लावलेली पुट्टी शेवटी अंगठ्याने बाजूला ओढून संपवायची त्यांची सवय. सोळा वर्षं झाली तरी तो अंगठा तिथे तसाच उमटलेला होता. त्यांनी रेघेवर हातोडी वाजवली. आवाज टणक आला, भरीव. मग नव्या भेगेवर बोट फिरवलं. पेन्सिलीच्या शिशाएवढी जाड, वरून खाली आलेली, जुनीच्या शेजारून तिच्याच चालीने चाललेली.

आपलं मिश्रण तेव्हा बिघडलं असेल का? दोन डब्यांतली रसायनं ठरल्या मापानेच मिसळावी लागतात. एक जास्त झालं तर कायम मऊ राहतं, दुसरं जास्त झालं तर काचेसारखं तडकतं. की घाई केली आपण? त्यांना आठवेना, आणि आठवत नाही याचाच त्रास व्हायला लागला. तीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आता कुणीतरी ठेवलं होतं, आणि ते कुणाला ठेवलं हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

दोन दिवस ते गप्प राहिले. कामावर ते लपून गेलं. घरी नाही.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक छोटं टेबल, त्यावर दोघांची ताटं जेमतेम मावायची. बायको सकाळची पाळी करून आली की दोघं उशिराचं जेवत. सुट्टीचा दिवस होता. ती वाढत होती आणि बघत होती.

"दोनदा वाढलं," ती म्हणाली. "हात काही आडवा आला नाही. काय झालंय?"

"कुठे काय."

"बरं, मग तिसऱ्यांदा वाढते."

तेव्हा त्यांनी सांगितलं. भेग, फोटो, तो हलगर्जीपणा हा शब्द. सांगताना जेवण गार झालं.

"मग सांगून टाका तिला," बायको म्हणाली.

"सोळा वर्षांनी? काय सांगू, तो गाढव मीच म्हणून?"

"हो. मी डेपोच्या फाटकाला बस घासली होती तेव्हा काय केलं? आत गेले आणि सांगितलं, मी घासली. दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याने घासली, मग त्याला हसले."

"तुझ्या बसला पोचा आला. इथे पूल आहे."

बायकोने ताटातलं संपवलं. मग उष्टा हात तसाच धरून ती म्हणाली, "पण मला एक सांगा. भेग तुम्ही भरलेल्या जागी उघडली का?"

"नाही. शेजारी."

"मग माझ्या सायकलचं झालं तसं."

या कामात येण्याआधी डिंककाका एका चौकात पंक्चर काढायचे. डिंक्या हे नावही तिथलंच, ट्यूबला लावायच्या सोल्युशनमुळे पडलेलं. ही त्या वेळी सायकलवरून घरोघरी वर्तमानपत्रं टाकायची. एकदा पंक्चर काढून घेऊन गेली आणि तासाभरात सायकल ढकलत, तणतणत परत आली. काय जोडलंय की थुंकी लावलीय, असं चार माणसांसमोर म्हणाली. त्यांनी ट्यूब पाण्यात धरली. ठिगळ पक्कं होतं, बुडबुडे शेजारून येत होते. पुन्हा जोडलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा परत आली. तेव्हा कुठे त्यांनी टायरच्या आतून बोट फिरवलं, आणि ते रक्ताळलं. खिळा टायरमध्येच होता. त्या बोटाला तिने स्वतःचा रुमाल बांधला, आणि तो रुमाल परत करण्यावरून पुढचं सगळं झालं.

"खिळा," डिंककाका म्हणाले.

"तो शोधा. पण आधी तिला सांगा. आणि हात आडवा धरणार नसाल तर एवढं संपवा, मला भांडी घासायचीत."

सोमवारी सकाळी ते शेडमध्ये गेले. मॅडम एकट्याच होत्या, नकाशावर झुकलेल्या.

"मॅडम, ती मधल्या तुळईतली जुनी भेग. ती मी भरली होती."

तिने मान वर केली. हातातली पेन्सिल खाली ठेवली. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर ते अवघडलेपण रागात गेलं असतं. ती नुसती म्हणाली, "काका, बसा ना."

"बसत नाही. उकरायच्या आधी एक नमुना काढून बघा, एवढंच सांगायचंय. माझं काम कच्चं असेल तर मला ते डोळ्यांनी बघायचंय."

त्याच दिवशी पोकळ ड्रिल लावून जुन्या रेघेतून काकडीएवढा गोल तुकडा काढला. मॅडमनी तो धुऊन उन्हात धरला. काँक्रीटच्या करड्या रंगातून मधाच्या रंगाची एक बारीक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. कुठेही पोकळी नाही, केसाएवढीसुद्धा नाही. तिने तो दगडावर ठेवून हातोडीचा घाव घातला. तुकडा फुटला, पण रेघेवर नाही. शेजारचं काँक्रीट फुटलं आणि रेघ जिथल्या तिथे राहिली.

तिने दोन्ही तुकडे हातात घेतले. "काका, इतकं पक्कं काम मला जमणार नाही. मी त्या दिवशी जे बोलले ते मागे घेते, सगळ्यांसमोर घेते."

इथे खरं तर डिंककाकांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. ते घरी जाऊन बायकोला सांगू शकले असते, हात आडवा धरून पोटभर जेवू शकले असते. पण तो तुकडा बघताना त्यांना आठवायला लागलं होतं, आणि जे आठवलं ते काही सुखाचं नव्हतं.

"मागे घेऊ नका," ते म्हणाले. "हलगर्जीपणा झाला होता. तुम्ही म्हणालात तो नव्हे, दुसराच."

आणि त्यांनी सांगितलं. ती भेग भरायला तीन दिवस लागले होते. पहिल्या सकाळी ती घटाघटा प्यायली, डबे पुरेनात. दुपारी त्याच भेगेत नळी लावली तर थेंब आत जाईना, पंप अडून बसला. दुसऱ्या सकाळी पुन्हा प्यायला लागली. त्यांना नवल वाटलं. ते मुकादमाला म्हणाले, "ही दुपारची मिटते की काय?" मुकादम म्हणाला, "तू भरायला आलायस की चौकशीला?" सगळे हसले, तेही हसले. मग ते फक्त सकाळी भरत राहिले आणि काम उरकलं.

"माझ्या लक्षात आलं होतं," डिंककाका म्हणाले. "लक्षात आलं, आणि मी त्यावर पुट्टी फिरवली."

मॅडम सिमेंटच्या पोत्यावर बसल्या. "सकाळी रुंद, दुपारी अरुंद," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग, "नक्की आठवतंय?"

"सोळा वर्षांपूर्वीचं नक्की कोण सांगणार? मोजून बघू."

मोजायचं काम डिंककाकांनी मागून घेतलं. नव्या भेगेच्या दोन्ही बाजूंना पोलादाचे दोन बारीक ठिपके चिकटवले. त्यांच्यातलं अंतर केसाच्या भागापर्यंत दाखवणारं एक यंत्र होतं. रोज सकाळी सातला आणि दुपारी दोनला परांची चढायची, अंतर मोजायचं, हवा किती तापलीय तेही बघायचं आणि चौकटीच्या वहीत लिहायचं. पहिले तीन दिवस आभाळ भरून राहिलं. सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा सख्खे भाऊ दिसावेत तसे. सोबती विचारायला लागले, "काय डिंककाका, भेग आज काय म्हणते?" ते म्हणायचे, "झोपलीय." पण परांची उतरताना मनात यायचं. आपण मॅडमना उगाच भलत्या वाटेला लावलं की काय?

चौथ्या दिवशी ऊन पडलं, आणि चांगलं कडकडून पडलं. दुपारी दोन वाजता त्यांनी यंत्र लावलं, आकडा वाचला, यंत्र काढून पुसलं आणि पुन्हा लावलं. मग वहीत लिहिलं आणि परांचीवरून उतरताना दोन पायऱ्या एकदम उतरले. भेग मिटली होती. दुसऱ्या दिवशी गार सकाळी पुन्हा उघडली. नवव्या दिवसापर्यंत तिने एकदाही शब्द मोडला नाही.

आता प्रश्न उरला तो का मिटते आणि का उघडते याचा. मॅडमना अंदाज होता. उन्हात पूल लांब होतो, गारव्यात आखडतो. तसं व्हायला मोकळीक हवी म्हणून एका काठावर तुळया थेट भिंतीवर टेकवत नाहीत, खाली लाटण्यासारखे गोल पोलादी रूळ ठेवतात. त्यांवरून पूल पुढे-मागे सरकतो. ते रूळ चालतात का, हे कुणीतरी आत जाऊन बघायला हवं होतं. तुळईच्या टोकाखालची ती फट म्हणजे मांजर शिरेल एवढी जागा. सगळ्यांचे डोळे आपोआप एकाच माणसाकडे वळले.

डिंककाका विजेरी घेऊन आत सरपटत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा डोक्यावर कबुतरांची पन्नास वर्षांची घाण होती.

"रूळ आहेत?" मॅडमनी विचारलं.

"होते. आता गंजाचा आणि मातीचा एक गोळा आहे. छिन्नी मारली तरी हलत नाही." त्यांनी तोंडातली माती थुंकून टाकली. "मॅडम, पूल आखडायला बघतो आणि ह्यांनी त्याचा पाय धरून ठेवलाय. मग फाटतो बिचारा. मी शिवलं तिथे नाही फाटला, तर शेजारी."

काम आता नुसतं भेगा भरण्याचं राहिलं नव्हतं. पूल उचलायचा, जुने रूळ काढायचे, नवे टेकू बसवायचे. त्याला मोठ्या साहेबांची परवानगी हवी. साहेब आले ते घड्याळ बघतच आले. मॅडमनी नकाशे दाखवले, आकडे दाखवले. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या काही कमी होईनात.

"लोक आमच्या डोक्यावर मिरे वाटतायत," ते म्हणाले. "बस बंद, ट्रक बंद. आणि तुम्ही भेगा भरायच्या सोडून पूल उचलायचं म्हणता. हे आकडे घेतले कुणी?"

"यांनी."

साहेबांनी डिंककाकांकडे पाहिलं. डिंककाकांना मोठ्या माणसांसमोर बोलायची सवय नव्हती. त्यांनी वही छातीशी धरली आणि सुरुवात केली.

"साहेब, ती भेग मागच्या वेळी मीच भरली होती. चांगली भरली होती, मॅडमनी फोडून बघितलीय. म्हणाल तर आताची तशीच भरून देतो, चार दिवसांत. फक्त तिसरी कुठे पडेल त्या जागी आत्ताच खडूने खूण करून ठेवतो. म्हणजे पुढे जो येईल त्याला शोधायला नको."

साहेब खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, तो नकाशा पुन्हा दाखवा. या वेळी सावकाश."

महिन्याभराने एका रविवारी सकाळी पूल उचलला. त्या दिवशी पायी माणसांनाही बंदी होती. दोन्ही काठांवर बघ्यांची गर्दी. पूल उचलतात म्हणजे उंच हवेत उचलतात असं त्यांना वाटलं असावं. प्रत्यक्षात तो बोटाच्या नखाएवढाच उचलायचा होता. तुळयांखाली आठ जॅक बसवले होते, सगळे एकाच पंपाला जोडलेले, म्हणजे एक बाजू पुढे आणि एक मागे व्हायला नको. मॅडम काठावर उभ्या राहून आकडे सांगत होत्या. डिंककाका परांचीवर, आपल्या भेगेपाशी, यंत्र लावून.

"एक मिलिमीटर," मॅडम म्हणाल्या. "थांबा. सगळं ठीक? चला. दोन."

पंपाची घरघर तेवढी चालली होती.

"तीन."

आणि पुलातून एक आवाज आला. फार मोठा नव्हता. जुनं कपाट उघडताना येतो तसा, पण जमिनीतून पायात शिरणारा. काठावरची माणसं दोन पावलं मागे सरली. मॅडमनी हात वर केला, पंप थांबला.

"काका?" त्यांचा आवाज जरा चढला होता.

डिंककाकांचे डोळे यंत्रावर होते. काटा हलत होता. हळूहळू, कुणी ढकलत नसताना, आपणहून. "मिटतेय, मॅडम," ते म्हणाले. "सकाळची वेळ असून मिटतेय. सुटला तो."

काठावरच्या भिंतीशी पेन्सिलीने केलेली खूण पाच मिलिमीटर सरकली होती. किती वर्षांचं ते अवघडलेपण होतं कोण जाणे. डिंककाकांनी हातमोजा काढला आणि तुळईवर तळहात ठेवला. गार होती, खरखरीत होती, नेहमीसारखीच होती. पण त्यांना इतकं हलकं वाटलं, की क्षणभर डोळे मिटून ते तिथेच पडून राहिले. खालून एकाने विचारलं, "डिंककाका, झोपलात का?"

गंजलेले रूळ कापून काढायला सहा दिवस लागले. त्यांच्या जागी रबराचे जाड, काळे टेकू आले. पूल पुन्हा खाली टेकवला. मग आणखी आठ दिवस मोजणी केली. कडक ऊन पडलं, गार सकाळ झाली, भेग जागची हलली नाही. तेव्हा कुठे डिंककाकांनी आपले दोन डबे उघडले.

भरताना मॅडम शेजारी येऊन बसल्या. "मला शिकवाल?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कशाला हे?"

"उद्या मी कुणाला हलगर्जी म्हणेन, तेव्हा निदान कळायला हवं ना."

डिंककाकांनी त्यांना हातमोजे घालायला लावले आणि भरायची पिचकारी हातात दिली. भेगेवर वीतभर अंतराने छोट्या नळ्या बसवल्या होत्या आणि मधली जागा पुट्टीने बंद केली होती. "सगळ्यांत खालच्या नळीपासून सुरुवात. जोर लावू नका, ती घेईल तेवढंच द्या. वरच्या नळीतून थेंब डोकावला की खालची बंद करायची आणि एक पायरी वर चढायचं. घाई केली की मध्ये हवा अडकते. आणि अर्ध्या तासाच्या आत संपवायचं, नाहीतर डब्यात दगड होतो."

"म्हणजे घाई करायची नाही आणि उशीरही करायचा नाही."

"तेवढंच तर आहे," डिंककाका म्हणाले. "बाकी काही नाही यात."

दुसऱ्या नळीशी मॅडमच्या हातून थेंबभर बाहेर सांडलं आणि त्यांच्या मनगटावर पडलं. डिंककाकांनी चिंधी पुढे केली, पण तोवर ते चिकटलं होतं. महिनाभर ती खूण त्यांच्या मनगटावर राहिली.

पूल उघडला तो मंगळवार होता. आदल्या दिवशी वाळूने भरलेले ट्रक त्यावर उभे करून झाले होते, सगळे आकडे हवे तसे आले होते. उद्‌घाटन वगैरे काही झालं नाही. दोन माणसांनी अडथळे उचलून बाजूला ठेवले आणि गाड्या सुरू झाल्या. परांची अजून उतरवली नव्हती. डिंककाका एकटेच वर चढले आणि मधल्या तुळईखाली उताणे पडले. तळहात वर टेकवलेला. गाड्या जात होत्या, सायकली जात होत्या, त्या काही कळत नव्हत्या. मग आठ वाजून दहा मिनिटांनी एक जड, लांबट थरथर आली, मधोमध जराशी अडखळली आणि पलीकडे निघून गेली.

जेवायला दोघं टेबलाशी बसली तेव्हा बायकोने विचारलं, "मी गेले ना वरून. कळलं का?"

"कळलं."

"कसं काय? दहा बस जातात."

"पुलाच्या मध्यावर गिअर उशिरा बदलणारी एकच आहे."

"बावीस वर्षं झाली मला," ती म्हणाली. "कुणी नाव ठेवलं नाही."

"मीही तेच म्हणायचो."

तिने वाढायला डाव उचलला. त्यांनी ताटावर हात आडवा धरला, तिने वळसा घातला. एका म्हाताऱ्या प्रवाशाने पूल ओलांडताना टाळी वाजवली, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि मग तो लाजला, असं तिने सांगितलं. पंचवीस मिनिटं वाचली तरी लोकांना आता नवीन तक्रार होती: बस वेळेआधी येते आणि चुकते.

थंडी आली आणि गेली. डिंककाका महिन्यातून एकदा पुलाखाली जाऊन ठिपक्यांमधलं अंतर मोजून येत. वहीतले सकाळचे आणि दुपारचे आकडे सारखेच. मोठ्या साहेबांनी ती वही मागवून घेतली, तिची प्रत काढून ठेवली, आणि पुढच्या कामांत मोजणीचे दहा दिवस आधीपासूनच धरायला सांगितले. मॅडमची बदली एका दुसऱ्या पुलावर झाली. जाताना त्यांनी कापून काढलेल्या रुळाचा एक तुकडा टेबलावर ठेवायला म्हणून बरोबर नेला. तो इतका जड होता की पिशवीचा बंद तुटला.

उन्हाळ्याच्या तोंडावर, डिंककाका स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा पीत बसले होते, तेव्हा मॅडमचा फोन आला.

"काका, इथे एक भेग आहे. आडवी. मला काही उलगडत नाही. येता का?"

"येतो की. आधी कुणी भरलेली आहे का?"

"नाही. अजून कुणाचा हात लागलेला नाही."

"मग लावू नका," डिंककाका म्हणाले. "मी गुरुवारी येतो. मुक्कामाची सोय बघून ठेवा, आठ-दहा दिवसांची. बायकोला रजा मिळाली तर तीही येईल. ती म्हणते तुमच्याकडची नदी बघायचीय."

बायकोने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "मी कधी म्हणाले?"

"आता म्हण," ते फोनवर हात ठेवून म्हणाले.